नगरकडे की कोल्हारकडे?



राहुरी फॅक्टरीच्या स्टँडवर उभं राहिलं की रस्ता दोन दिशांना जातो. नगरकडे जाणारी एसटी पकडली, राहुरी मागे टाकली की रस्त्यालगत महात्मा फुले कृषी विद्यापीठ लागतं. उलट बाजूची पकडली, कोल्हारला प्रवरेचा पूल ओलांडला आणि पुढे लोणीत उतरलं की तिथे प्रवरा वैद्यकीय विद्यापीठ. आमचं देवळाली प्रवरा हे या दोन्हींच्या मधलं गाव. मोठमोठ्या शहरांना एक विद्यापीठ मिळवायला मोर्चे काढावे लागतात. आम्हाला दोन्ही हाताला एकेक मिळालं, तेही पाऊण तासाच्या आत. पण जवळ आहे म्हणून काही सोपं होत नाही. ते कसं, हेच आज सांगायचं आहे.

मी कविता लिहिणारा माणूस. मराठी घेऊन बी.ए. झालो. आता तुम्ही म्हणाल, जीवशास्त्राच्या मुलांनी कुठे जावं हे सांगायला आकाशवाणीला हाच मिळाला का! तुमचं बरोबर आहे. पण आमच्या मोहल्ल्यात फॉर्म भरायचा झाला, अर्ज लिहायचा झाला की लोक माझ्याकडे येतात. माझा चष्मा आणि माझी बी.ए.ची पदवी, एवढ्यावर त्यांचा विश्वास. पूर्वी रॉकेलच्या कार्डाचे अर्ज असायचे. आता 'कॅप राउंड'मध्ये पसंतीक्रम काय टाकायचा, असं विचारतात. त्यातलं मला जे कळलं ते मी मुलांकडूनच शिकलो.

तर २०२४ च्या जूनमध्ये माझी धाकटी बहीण, तिचा नवरा आणि त्यांची मुलगी असे तिघं आमच्या घरी आले. मुलीचं नाव मी सांगत नाही, ती रागावेल. बारावी सायन्स झालेली, बायोलॉजीत पहिल्यापासून हुशार. आल्याआल्या म्हणाली, "मामू, मेरे कू डॉक्टरीच करने की है." आणि मग आईकडे बघून गप्प बसली.

त्या वर्षीची नीट तुम्हाला आठवत असेल. ४ जूनला निकाल लागला आणि देशभर गोंधळ उडाला. सातशे वीसपैकी सातशे वीस मिळवणारी सदुसष्ट मुलं निघाली. वाढीव गुण, पेपरफुटी, कोर्टकचेऱ्या. जुलैत सर्वोच्च न्यायालयाने सगळी परीक्षा रद्द करायला नकार दिला, सुधारित निकाल लागला, पैकीच्या पैकीवाले सतरा उरले. हे सगळं वर्तमानपत्रात आलं. पण आमच्यासारख्या घरात त्याचा अर्थ काय झाला? आदल्या वर्षी जेवढ्या गुणांवर सरकारी कॉलेज मिळत होतं, तेवढ्या गुणांवर त्या वर्षी मिळेना. आमच्या पोरीला पाचशेच्या वर गुण होते. दहा वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर आम्ही पेढे वाटले असते. २०२४ साली त्या गुणांना सरकारी एमबीबीएसच्या दारात कुणी उभं करीना. तेवीस लाखांवर मुलं परीक्षेला बसलेली, आणि देशातल्या एमबीबीएसच्या जागा, सरकारी-खाजगी सगळ्या धरून, एक लाख दहा हजारांच्या आसपास. बी.ए.वाल्यालाही हा भागाकार जमतो.

तिच्यापुढे वाटा उरल्या त्या अशा. अभिमत विद्यापीठात एमबीबीएस. नाहीतर नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाच्या एखाद्या खाजगी कॉलेजात आयुर्वेद. नाहीतर राहुरीच्या विद्यापीठाची बी.एस्सी. कृषी, कारण तिने सीईटीही दिली होती आणि तिथे पर्सेंटाईल चांगलं पडलं होतं. आयुर्वेदाला ती पहिल्या दिवशीच नको म्हणाली. "मनापासून करायचं तर करावं, एमबीबीएस मिळालं नाही म्हणून करू नये," असं तिचं म्हणणं. मला ते पटलं. मग दोनच उरली, लोणी आणि राहुरी. आणि चौथी एक वाट होती, जी प्रत्येक घरात शेवटी निघतेच: एक वर्ष थांबून पुन्हा नीट.

या चौथ्या वाटेबद्दल मला आधी एक गोष्ट कबूल करायची आहे.

आमच्या शेजारी एक मुलगा होता. २०१७ मध्ये बारावी झाला. त्याच वर्षापासून महाराष्ट्रातही मेडिकलला नीटशिवाय प्रवेश मिळेनासा झाला. तोवर राज्याच्या सीईटीवर काम भागायचं. पोरगा हुशार, पण गुण कमी पडले. बाप माझ्याकडे आला. मी काय सांगितलं? "एक वर्ष म्हणजे काय असतं? पोरगं हुशार आहे, थांबू द्या." मला बोलायला काय जात होतं! कवीला वर्षाची किंमत काय, आमची एकेक कविता दोन-दोन वर्षं पडून असते. तो थांबला. मोठ्या शहरातल्या क्लासला गेला. पुढच्या वर्षी गुण वाढले, पण तेवढे नाहीत. पुन्हा बाप आला, पुन्हा मी तेच सांगितलं. तीन वर्षं. तिसऱ्या वर्षी गुण आधीपेक्षा कमी आले. आज तो एका औषधाच्या दुकानात काम करतो. मी आम्मीच्या गोळ्या आणायला जातो तेव्हा गल्ल्यावरून उठून सलाम करतो, पाणी विचारतो, पैशांत सूटही देतो. एकदा तरी त्याने तोंड फिरवलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

म्हणून या वेळी मी ठरवलं होतं की तोंड उघडायचं नाही. विचारायचं, बघायचं, पोरीला बरोबर घेऊन फिरायचं.

आधी लोणीला गेलो. तुम्ही तिथे गेला नसाल तर एकदा जा. पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांना जमवून सहकारी साखर कारखाना उभा केला, १९५० साली त्याचं गाळप सुरू झालं. त्या उसातून पुढे शाळा, दवाखाना, आणि १९८४ साली खेड्यातच मेडिकल कॉलेज. २००३ मध्ये त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. माझ्या अब्बांचं ऑपरेशन तिथेच झालं होतं, म्हणून मला ती जागा परकी नाही. बाहेरच्या रांगेत धोतरं, नऊवारी, बुरखे, सगळं शेजारीशेजारी. कुणी अकोल्याहून, म्हणजे आपल्या नगर जिल्ह्यातल्या अकोल्याहून, कुणी संगमनेरहून. पोरगी त्या रांगेकडे बघत उभी राहिली. एका म्हातारीचा केसपेपर खाली पडला तो तिने उचलून दिला, तर म्हातारी म्हणाली, "डॉक्टरीनबाई, माझा नंबर कवा?" पोरीने काही खुलासा केला नाही. मला ते बघून आत कुठेतरी कालवलं.

मग फीची चौकशी केली. इथे मी कुठल्या एका संस्थेचा आकडा सांगत नाही. पण महाराष्ट्रातल्या अभिमत विद्यापीठांमध्ये एमबीबीएसची फी साधारण वीस लाखांच्या आजूबाजूला, ती दर वर्षाची. साडेचार वर्षांचं शिक्षण. वसतिगृह, जेवण वेगळं. माझ्या मेहुण्याची प्रवरेच्या कालव्यावर दीड एकर जमीन आहे आणि एक किराणा दुकान. दीड एकर विकूनही दोन वर्षं भागली नसती. तरी तो विकायला तयार होता, आणि बँकेतही जाऊन आला होता.

आणखी एक गोष्ट तेव्हाच कळली, ती बऱ्याच पालकांना माहीत नसते. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने मुलींसाठी निर्णय काढला. इतर मागासवर्ग, एसईबीसी आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकातल्या, वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आतलं असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ. गल्लीत पेढे वाटले गेले. मेहुणा धावत आला, म्हणाला, "भाईजान, झालं काम!" मी तो कागद दोनदा वाचला. अभिमत विद्यापीठं त्यातून वगळलेली होती. ही ओळ त्याला वाचून दाखवणं, श्रोतेहो, माझ्या आयुष्यातलं सगळ्यात वाईट काव्यवाचन.

दुसऱ्या आठवड्यात राहुरी. विद्यापीठाच्या आवारात शिरलो की दोन्ही बाजूंना शेतं, झाडांना पाट्या. १९६८ साली महाराष्ट्रासाठी कृषी विद्यापीठ झालं ते इथे. पुढे अकोला, परभणी, दापोली अशी वाटणी होऊन चार झाली. नाव महात्मा फुल्यांचं, ज्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहून शेतकऱ्याच्या पोराला शिकवा म्हणून सरकारला सुनावलं होतं. डाळिंबाचा 'भगवा' हा वाण या विद्यापीठाचा. होलस्टीन, जर्सी आणि गीर अशा तीन रक्तांची 'फुले त्रिवेणी' गाय इथली. आपल्या निम्म्या उसात जो ८६०३२ दिसतो, तो जन्मला कोइमतूरला, पण महाराष्ट्रात आणला याच विद्यापीठाच्या पाडेगावच्या केंद्राने. आम्ही रोज ज्यांच्या जिवावर खातो ती नावं मला ठाऊक नव्हती, आणि मी इथून अर्ध्या तासावर राहतो.

पण तिथे गेल्यावर भलतंच कळलं. ज्या पोरीला आम्ही 'राहुरीला' घालणार होतो, तिचा वर्ग राहुरीला असणारच नव्हता. राहुरीच्या आवारात मुख्यतः वरचं शिक्षण, एम.एस्सी., पीएच.डी., संशोधन आणि शेतीची इंजिनिअरिंग. बी.एस्सी. कृषीची विद्यापीठाची स्वतःची कॉलेजं पुणे, धुळे, कोल्हापूर, कराड अशा ठिकाणी, एक आपल्या जामखेड तालुक्यात हळगावला. त्यातलं पुण्याचं तर १९०७ सालचं, इंग्रजांच्या काळातलं. शिवाय संलग्न खाजगी कॉलेजं वेगळी. पदवीवर नाव राहुरीचं, पण शिकायचं भलतीकडे. नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाचंही तसंच. १९९८ मध्ये ते झालं आणि राज्यभरची मेडिकल, आयुर्वेद, होमिओपॅथी, नर्सिंगची कॉलेजं त्याच्या छत्राखाली आली. म्हणजे 'कुठलं विद्यापीठ' असं विचारलं तरी आधी 'कुठलं कॉलेज' विचारावं लागतं. सरकारी की खाजगी, शिक्षक भरलेले आहेत की पदं रिकामी, प्रात्यक्षिकाला शेत आहे का, दवाखान्यात पेशंट आहेत का. प्रवेशाच्या खिडकीवर हे विचारून उपयोग नाही. शेवटच्या वर्षाची मुलं चहाच्या टपरीवर भेटतात, ती खरं सांगतात.

आम्ही टपरीवर बसलो. एम.एस्सी. करणारी दोन मुलं होती, वनस्पती रोगशास्त्राची. मी गमतीने म्हटलं, झाडांचे डॉक्टर म्हणा की! त्यातला एक म्हणाला, "काका, लोक तसंच म्हणतात, पण फरक आहे. माणूस दुखतंय कुठे ते सांगतो. डाळिंब सांगत नाही. तेल्याचा डाग फळावर दिसतो तोवर बागेत पसरलेला असतो." पोरीने विचारलं, "तेल्या म्हणजे बुरशी का?" तो म्हणाला, नाही, जिवाणू. मग दोघं, तिघं, जे बोलायला लागले ते मला समजेना. पेशी, जिवाणू, प्रतिकारशक्ती, जनुकं. मी दोन चहा प्यालो. मला कळलं ते एवढंच, की लोणीला जे शिकवतात आणि इथे जे शिकवतात त्याची बाराखडी एकच आहे. अकरावी-बारावीला त्याच वहीत दोन्हीचं आलेलं असतं. पण आपण पालक त्या वहीच्या पानांची किंमत लावतो. माणसाच्या हृदयाचं पान सोन्याचं, पानाच्या पर्णरंध्राचं रद्दीचं.

हे बोलायला छान आहे. घरी जाऊन सांगितलं तेव्हा मात्र तिची दादी म्हणाली, "घरात एक डॉक्टर पाहिजे." तिचं म्हणणं उगाच नव्हतं. तिचं एक मूल, माझ्या मेहुण्याच्या पाठचं, लहानपणी रात्रीच्या तापात गेलं. गाडी नव्हती, बैलगाडीने निघाले ते वाटेतच. पन्नास वर्षं झाली. त्या म्हातारीला पर्णरंध्र काय सांगणार!

आणि दुसऱ्या बाजूला हेही खरं, की शेतीची पदवी घेतलेली बरीच मुलं पुढे शेतीत जात नाहीत. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत जाऊन बसतात. पुण्यात एखादी अभ्यासिका बघा, कृषी पदवीधर हमखास सापडतील. कुणी बँकेत कृषी अधिकारी होतं, कुणी बियाणं-खतांच्या कंपनीत लागतं, कुणी कृषी सेवा केंद्र टाकतं. जागा कमी, मुलं जास्त, इथेही तोच भागाकार. चार वर्षं झाली की नोकरी हातात, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. डॉक्टरला निदान गावात पाटी लावता येते. मी पोरीपासून यातलं काही लपवलं नाही.

अजून एक दार होतं, त्याकडे आम्ही उशिरा पाहिलं. पशुवैद्यकीय. त्याचं विद्यापीठ नागपूरला, प्रवेश नीटवरच. २०२२ साली आपल्याकडे लम्पी आला तेव्हा गोठ्यागोठ्यात लोक गुरांच्या डॉक्टरची देवासारखी वाट बघत होते. या दुधाच्या पट्ट्यात त्याची किंमत मला कुणी सांगायला नको. पण जागा फारच थोड्या, तिच्या गुणांत ते जमेना. ज्यांची मुलं यंदा-पुढल्या वर्षी परीक्षेला बसणार आहेत त्यांनी ते आधीपासून डोक्यात ठेवावं.

शेवटी ठरलं कसं? मला वाटलं होतं, घरात बैठक बसेल, रडारड होईल. तसं काही झालं नाही. एका संध्याकाळी पोरगी माझ्याकडे एकटीच आली. म्हणाली, "मामू, अब्बा कालव्याची जमीन विकणार आहेत. गिऱ्हाईक बघून गेलं आज." मी गप्प. "ती विकून मी डॉक्टर झाले, तर पाच वर्षं रोज मला ती जमीनच दिसेल. पेशंट दिसणार नाही." मी विचारलं, "आणि शेतीला गेलीस तर?" ती म्हणाली, "तर लोणीची ती म्हातारी दिसेल." मग थोड्या वेळाने म्हणाली, "पण जमीन तर असेल." मी म्हटलं, अजून एकदा नीट? ती हसली. शेजारच्या घराकडे नुसती मान वळवली. आमच्या गल्लीत सगळ्यांना सगळं माहीत असतं.

मी तिला हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. बरोबर केलं की चूक, अजून ठरत नाही.

कॅप राउंडमध्ये तिला धुळ्याचं कृषी महाविद्यालय मिळालं. दादीने कपाळावर हात मारला. "विद्यापीठ दारात, आणि पोरगी खानदेशात!" पण जातीचा दाखला, वैधता, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर सगळं जागेवर होतं, फी माफ झाली. ज्यांच्या घरी दहावी-अकरावीत मुलगी आहे, त्यांनी हे कागद आत्ताच काढून ठेवा. निकालानंतर तहसीलची रांग बघितली तर नीट सोपी वाटेल. सातबारा मेहुण्याच्या नावावर होता, त्याचा शेतकरी कुटुंबाचा भारांक मिळाला तोही कामी आला. म्हणजे जी जमीन विकायला काढली होती तिनेच तिला कॉलेजात नेऊन बसवलं, असं मी एकदा म्हटलं. मेहुण्याला आवडलं, पोरीने डोळे मोठे केले. कवीचं ऐकायचं नाही, असं ती बहुतेक धुळ्याला शिकून आली आहे.

मागच्या सुटीत आली तेव्हाची गोष्ट सांगून थांबतो. कालव्याच्या त्या दीड एकरात एक कोपरा गेली कित्येक वर्षं धड पिकत नाही. उन्हाळ्यात वर पांढरं फुटतं. वर्षानुवर्षं पाटपाणी देऊन कालव्याखालच्या पुष्कळ जमिनींचं हेच झालं आहे. मेहुणा त्याला 'मेलेला तुकडा' म्हणतो. पोरगी सकाळी खुरपं, घमेलं आणि जुनं पोतं घेऊन निघाली, मलाही ओढलं. नागमोडी चालत जागोजागी इंग्रजी 'व्ही'सारखे खड्डे घेतले, कडेची माती वरपासून खालपर्यंत खरवडून घमेल्यात टाकली. मग पोत्यावर सगळी पसरून तिचे चार भाग केले, समोरासमोरचे दोन टाकून दिले, उरलेले मिसळले, पुन्हा चार भाग. शेवटी अर्धा किलो राहिली. त्या कोपऱ्याची माती तिने बाकीच्या शेतात मिसळू दिली नाही, तिची वेगळी पिशवी केली. मी विचारलं, बरी होईल का गं? म्हणाली, आधी तपासून तर येऊ दे. खारट असली तर चर खणून पाण्याला वाट द्यायची, चोपण असली तर जिप्सम टाकावं लागेल. न तपासता औषध देत नाहीत, मामू.

दादी बांधावर बसली होती. तिने आपल्या गोळ्यांची पट्टी पुढे केली आणि विचारलं, ही सकाळची की रात्रीची? पोरीने मातीचे हात ओढणीला पुसले, पट्टी उजेडात धरून वाचली आणि म्हणाली, "रात्रीची." मग पिशवीवर पेनने गट नंबर लिहायला बसली.